सहाशे घोडे, चार टायर

जर्मनीतल्या आयफेल डोंगररांगांत न्युर्बुर्गरिंग नावाचा रेस ट्रॅक आहे. त्याचा 'नॉर्डश्लायफे' हा उत्तरेकडचा फेरा वीस किलोमीटरहून लांब. जंगलातून चढत-उतरत जाणारा, वळणं मोजायला बसलं तर सत्तरीच्या पुढे जाणारा. २००४ मध्ये पोर्शेच्या करेरा जीटीनं वॉल्टर रोर्ल यांच्या हाती हा फेरा ७ मिनिटं २८.७१ सेकंदांत मारला होता. वीस वर्षांनी, २०२४ मध्ये, पोर्शेनं करेरा जीटी पुन्हा तिथे नेली. या वेळी चाक धरलं यॉर्ग बेर्गमायस्टर यांनी, आणि घड्याळात वेळ पडली ७ मिनिटं १२.६९ सेकंद.

मॉडेल तेच, ५.७ लिटरचं व्ही-१० इंजिन तेच, ६१२ अश्वशक्ती तीच. मुख्य फरक होता टायरचा. मिशेलिननं या गाडीसाठी मुद्दाम नव्यानं घडवलेले 'पायलट स्पोर्ट कप २' तिच्या पायात होते. गाड्या बनवणाऱ्यांच्या जगात सोळा सेकंद ही फार मोठी रक्कम आहे. तेवढी कमवायची तर एरवी नवं इंजिन, हलकी बॉडी, नवे ब्रेक असा सगळा संसार मांडावा लागतो. इथे ती वीस वर्षांत रबराच्या रसायनात झालेल्या प्रगतीनं मिळवून दिली.

ही गोष्ट ऐकून दमदार स्पोर्ट्स कारचा कुठलाही मालक म्हणेल, मग हेच टायर द्या. घोटाळा नेमका इथेच होतो. ट्रॅकवर सर्वांत वेगवान ठरलेला टायर रस्त्यासाठीही सर्वांत चांगला, हे समीकरण दिसायला सरळ आहे, पण बहुतेक गाड्यांच्या बाबतीत ते चुकीचं ठरतं.

आधी थोडा हिशोब. करेरा जीटीचं वजन १३८० किलो. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो भार ती पेलते. वजनाला दाबानं भागलं की चारही टायर मिळून रस्त्याला किती टेकतात ते कळतं. उत्तर येतं साधारण ६१३ चौरस सेंटिमीटर, म्हणजे ए-फोर आकाराच्या एका कागदापेक्षा किंचित कमी. साइडवॉलचा ताठपणाही थोडा भार उचलत असल्यामुळे हा आकडा ढोबळ आहे, पण फार चुकीचा नाही. सहाशे घोडे, ताशी ३३० किलोमीटरचा वेग, कचकन दाबलेला ब्रेक, घाटातलं वळण, हा सगळा व्यवहार तेवढ्या जागेतून होतो.

या हिशोबात रुंदी कुठेच आलेली नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. दाब तोच ठेवून रुंद टायर बसवला, तर रस्त्याला टेकणारं क्षेत्रफळ जवळजवळ तेवढंच राहतं. बदलतो तो आकार. लांबट ठशाच्या जागी आडवा, आखूड ठसा पडतो. वळणावर हा आडवा ठसा जास्त जोर धरतो, म्हणून स्पोर्ट्स कारना रुंद टायर असतात. पाण्यात मात्र त्याच रुंदीचं ओझं होतं. त्याकडे पुढे येऊच.

रस्त्याची पकड येते कुठून? डांबरी किंवा काँक्रीटचा रस्ता डोळ्यांना सपाट दिसला, तरी भिंगाखाली तो खडीच्या टोकांनी भरलेला असतो. रबर त्या टोकांवर दाबलं जातं, खळग्यांत शिरतं, पुढे सरकताना पूर्ववत व्हायला थोडा उशीर लावतं, आणि त्या उशिरातून घर्षण निर्माण होतं. शिवाय रबराचे रेणू रस्त्याला क्षणभर चिकटतात आणि सुटतात. रबर जितकं मऊ, तितकं हे काम सोपं. पण मऊ रबर लवकर झिजतं, लवकर तापतं आणि सारखं वळलं-दुमडलं गेल्यानं इंधनही जास्त खातं. टायर बनवणाऱ्यांची सगळी कसरत या ओढाताणीत असते. टायर काळा करणारा कार्बन ब्लॅक रबराला बळकटी देतो. मिशेलिननं १९९२ मध्ये त्याच्या मोठ्या भागाऐवजी सिलिका वापरलेला टायर बाजारात आणला. इंधन वाचवणं हा मूळ उद्देश होता, पण सिलिकानं ओल्या रस्त्यावरची पकडही सुधारली. आज पावसात बिनधास्त चालणारा जो कुठला परफॉर्मन्स टायर आहे, त्याच्या मुळाशी सिलिका आहे.

रबराखाली सांगाडा असतो, आणि ताकदवान गाडीच्या टायरची अर्धी किंमत तिथेच जाते म्हटलं तरी चालेल. वेग वाढला की टायर बाहेरच्या बाजूला फुगू पाहतो. त्याला आवरायला पोलादी पट्ट्यांवर नायलॉन किंवा अ‍ॅरमिडच्या धाग्याचा वेढा दिलेला असतो. अ‍ॅरमिड म्हणजे बुलेटप्रूफ जाकिटात असतो त्याच कुळातला धागा. हे बळ कशासाठी लागतं ते बुगाटीच्या उदाहरणावरून कळतं. २०१९ मध्ये जर्मनीतल्या एरा-लेसियन इथल्या चाचणी ट्रॅकवर अँडी वॉलेस यांनी शिरॉनची खास आवृत्ती ताशी ४९०.४८ किलोमीटर वेगानं पळवली. त्या वेगाला चाकाच्या कडेवरचा एकेक ग्रॅम रबर पाच किलोहून जास्त जोरानं बाहेर ओढला जातो. हे साधं शाळेतलं गणित आहे, वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. मिशेलिननं त्या गाडीचे टायर बसवण्याआधी एक्स-रे काढून तपासले होते. आधीच्या वेरॉनबद्दल एक गमतीदार हिशोब गाडीशौकिनांत फिरत असतो, की पूर्ण वेगात टायर पंधराएक मिनिटं टिकतील, पण काळजी नको, पेट्रोल बारा मिनिटांतच संपतं.

बाकीच्यांना ४९० नको असतात. त्यांच्यासाठी बाजारात तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी बाराही महिने चालणाऱ्या 'ऑल-सीझन' परफॉर्मन्स टायरची. दुसरी अस्सल उन्हाळी टायरची, अमेरिकी दुकानदार त्याला 'मॅक्स परफॉर्मन्स समर' म्हणतात. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ४एस, कॉन्टिनेंटलचा स्पोर्टकॉन्टॅक्ट ७, ब्रिजस्टोनचा पोटेंझा स्पोर्ट, पिरेलीचा पी झीरो, गुडइयरचा ईगल एफ१ सुपरस्पोर्ट ही मंडळी इथली. तिसरी पायरी म्हणजे ट्रॅकसाठीच बनलेला, पण रस्त्यावर चालवायची कायद्यानं मुभा असलेला टायर. पायलट स्पोर्ट कप २, पिरेली ट्रोफिओ आर, योकोहामा ए०५२, ब्रिजस्टोन आरई-७१आरएस ही त्यातली नावं. पहिल्या पायरीवर चारशे-पाचशे अश्वशक्तीची गाडी उभी करणं म्हणजे पैसे देऊन घेतलेली ताकद परत करण्यासारखं आहे. खरा प्रश्न दुसरी की तिसरी, एवढाच.

त्याचं उत्तर टायरच्या कडेवर निम्मं लिहिलेलं असतं. भारतातही विकली जाणारी बीएमडब्ल्यू एम२ घ्या. तिच्या मागच्या टायरवर '२८५/३० झेडआर २० (९९वाय) एक्सएल' असं काहीसं कोरलेलं दिसेल. २८५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ३० म्हणजे कडेची उंची त्या रुंदीच्या तीस टक्के, म्हणजे साडेपंच्याऐंशी मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल बांधणी, २० म्हणजे रिमचा इंचांतला व्यास. ९९ हा भाराचा निर्देशांक, एका टायरनं ७७५ किलो पेलायचे. वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटरपर्यंत मान्यता, आणि तो कंसात आला की ३०० च्याही वर. एक्सएल म्हणजे जादा भारासाठी मजबूत केलेली बांधणी. याच गाडीचे पुढचे टायर २७५/३५ आर १९, म्हणजे पुढे-मागे रिमसुद्धा वेगळ्या मापाचे. अशा गाडीत पुढचे टायर मागे टाकून झीज सारखी करण्याची सोय नसते. मागचे आधी जातात, आणि ते आधी जाणार हे मालकानं गृहीतच धरायचं असतं.

या कडेवर कधी कधी एक छोटी खूणही असते, आणि तिच्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. बीएमडब्ल्यूसाठी चांदणी, पोर्शेसाठी एन० किंवा एन१, मर्सिडीजसाठी एमओ, फेरारीसाठी के१. या खुणेचा टायर आणि त्याच नावाचा बिनखुणेचा टायर बाहेरून जुळे भाऊ दिसतात, पण आतलं रबर, पट्ट्यांचा कोन, कडेचा ताठपणा यांत फरक असू शकतो, कारण गाडीच्या कंपनीनं आपल्या सस्पेन्शनला जुळवून तो घडवून घेतलेला असतो. चारही टायर एकदम बदलायचे असतील, तर खुणेविना चांगला टायर घेणं काही गुन्हा नाही. पण एकाच अ‍ॅक्सलवर एक खुणेचा, एक बिनखुणेचा, किंवा पुढे एका कंपनीचा आणि मागे दुसऱ्याच कंपनीचा, असली जोडाजोडी पाचशे अश्वशक्तीच्या गाडीत करू नये. सरळ रस्त्यावर काही कळणार नाही. कळेल ते ओल्या वळणावर, मागची बाजू निसटायला लागली की.

अमेरिकेत विकायच्या टायरवर आणखी एक आकडा छापावा लागतो, 'ट्रेडवेअर'. टेक्सासमधल्या सॅन अँजेलो शहराजवळ सुमारे ६४० किलोमीटरचा ठरावीक रस्ता आहे. त्यावर गाड्यांचा ताफा करून एकूण साडेअकरा हजार किलोमीटर फिरवतात, आणि प्रमाण टायरच्या तुलनेत झीज मोजतात. प्रमाण टायर म्हणजे १००. पायलट स्पोर्ट ४एसचा आकडा ३००, कप २ चा साधारण १८० ते २४०, ट्रोफिओ आरचा फक्त ६०. चित्र स्वच्छ दिसतं खरं, पण हा आकडा कंपनी स्वतःच देते, सरकारी निरीक्षक येऊन छापत नाही. त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढणं धोक्याचं. अमेरिकेतल्या हौशी ऑटोक्रॉस स्पर्धांनी तर यात आणखी गंमत केली. रस्त्यावरच्या टायरनिशीच भाग घ्यावा म्हणून त्यांनी किमान २०० ट्रेडवेअरचा नियम घातला. झालं, लगेच कंपन्यांनी कडेवर बरोब्बर २०० छापलेले, पण पकडीत ट्रॅकच्या टायरच्या जवळपास जाणारे टायर बाजारात आणले. नियम पाळला गेला, हेतू बाजूला राहिला.

आता पाणी. एक्वाप्लेनिंगचा, म्हणजे टायर पाण्यावर तरंगण्याचा, पहिला पद्धतशीर अभ्यास विमानांसाठी झाला. नासाच्या लँग्ली केंद्रातले वॉल्टर होर्न आणि त्यांचे सहकारी ओल्या धावपट्टीवर विमानं का घसरतात ते शोधत होते. १९६३ मध्ये त्यांनी मांडलेलं सूत्र आजही वैमानिकांना शिकवतात. हवेच्या दाबाचं वर्गमूळ काढा, नऊनं गुणा, आलेल्या नॉटइतक्या वेगाला टायर पाण्यावर उचलला जातो. दाब पीएसआयमध्ये घ्यायचा. ३२ पीएसआयला हे उत्तर येतं ताशी सुमारे ९४ किलोमीटर. हवा उतरून २४ वर आली असेल तर ८२. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींची वेगमर्यादा १०० आहे, हे सोबत लक्षात ठेवलं की आकड्याचा अर्थ आणखी नीट कळतो.

होर्न यांचं सूत्र गुळगुळीत टायरला, किंवा नक्षीच्या खोलीपेक्षा जास्त पाणी साचलेल्या रस्त्याला लागू पडतं. खाचा खोल असतील तर त्या पाणी बाजूला फेकतात आणि ही मर्यादा पुढे सरकते. म्हणून नव्या टायरची खोली बघायला हवी. पायलट स्पोर्ट ४एससारख्या टायरला ती साडेसात मिलिमीटरच्या आसपास मिळते. कप २ नवाकोरा असतानाच पाचच्या आसपास असतो, आणि त्याच्या बाहेरच्या खांद्यावर खाचा जवळजवळ नसतातच, कारण वळणावर तिथे रबराचा अखंड ठोकळा हवा असतो. भारतात आणि युरोपातही कायद्यानं किमान खोली १.६ मिलिमीटर आहे. कप २ कायद्याच्या नजरेत अजून तरणाबांड असतानाच पावसाच्या दृष्टीनं म्हातारा झालेला असतो. त्यात रुंद टायर, म्हणजे बाजूला सारायचं पाणीही जास्त. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि तो मुख्यतः चार महिन्यांत. रविवारी पहाटे गाडी घेऊन घाटाकडे निघणाऱ्या मुंबई-पुण्याच्या शौकिनानं कप २ बसवले असतील, तर जून ते सप्टेंबर गाडी झाकून ठेवायची तयारीही हवी.

थंडीचं गणित वेगळं. उन्हाळी टायरचं रबर गार पडलं की कडक होतं. ढोबळ नियम असा, की ताशी वेग कितीही कमी ठेवला तरी ७ अंश सेल्सियसच्या खाली त्यावर भरवसा ठेवू नये. गोठणबिंदूच्या बरंच खाली गेल्यावर तर काही ट्रॅक टायर नुसते हलवल्यानंही तडकू शकतात, अशी सूचना कंपन्याच देतात. महाराष्ट्रात याची फारशी चिंता नाही, पुण्यातली कडाक्याची पहाटही या रेषेला क्वचितच टेकते. पण श्टुटगार्ट, म्युनिच, डेट्रॉइट, टोरांटो इथल्या मराठी इंजिनिअर मंडळींना हा परिच्छेद घरचा वाटेल. जर्मनीत बर्फ किंवा निसरड्या रस्त्यावर हिवाळी टायरविना गाडी काढणं बेकायदा आहे. २०२४ च्या शरदापासून तर तिथे डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेलाच टायर हिवाळी मानला जातो. तिकडे दोन जोड रिम आणि दोन जोड टायर ठेवणं ही चैन नाही, वहिवाट आहे.

टायरचा आणखी एक शत्रू आहे, आणि तो गाडी न चालवताच काम करतो.

३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लॅरिटा इथे एका २००५ च्या करेरा जीटीचा अपघात झाला. चालवत होते रॉजर रोडास, शेजारी होते 'फास्ट अँड फ्युरियस' चित्रपटांतले अभिनेते पॉल वॉकर. दोघांचाही मृत्यू झाला. लॉस एंजेलिस काउंटीच्या तपास अधिकाऱ्यांनी मार्च २०१४ मध्ये सांगितलं, की ४५ मैलांची मर्यादा असलेल्या त्या रस्त्यावर गाडीचा वेग ताशी ८० ते ९३ मैल होता, आणि अपघाताचं कारण वेग हेच होतं. पण अहवालात आणखी एक नोंद होती. गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते, आणि त्यामुळे गाडीच्या वागणुकीवर परिणाम झालेला असू शकतो. करेरा जीटीत गाडी तिरकी होऊ लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा नाही. त्या गाडीत चालकाच्या हातापायांखेरीज दुसरा आधार टायरचाच.

नऊ वर्षांचा टायर म्हटलं की डोळ्यांसमोर गोटा झालेला टायर येतो. प्रत्यक्षात अशा गाड्यांचे टायर दिसायला नव्यासारखे असतात, कारण त्या चालतातच कमी. आणि तोच त्यांचा रोग. रबराला ऑक्सिजन आणि ओझोनपासून वाचवायला त्यात मेण आणि काही रसायनं घातलेली असतात. टायर फिरतो, वाकतो, दबतो, तसतशी ती पृष्ठभागाकडे झिरपत येतात आणि संरक्षक थर धरतात. महिनोन्महिने कव्हरखाली उभ्या असलेल्या गाडीत हे घडत नाही. रबर आतून कडक होत जातं, नक्षी मात्र शाबूत राहते. वर ट्रॅक टायर असेल तर तापणं-निवणं याचीही मोजदाद आली. प्रत्येक खेपेला रबर थोडं घट्ट होतं, आणि एका टप्प्यानंतर खाचा शिल्लक असूनही पकड निघून गेलेली असते. म्हणून पोर्शेसह अनेक गाडी कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात. टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि कुठल्याही परिस्थितीत दहा वर्षांची मर्यादा सांगतात. ताशी दोनशेच्या पुढे जाऊ शकणाऱ्या गाडीसाठी यांतला कमी आकडाच धरावा.

मग भारतातल्या, विशेषतः महाराष्ट्रातल्या मालकानं काय घ्यावं? एक तर इथे मिळेल ते घ्यावं लागतं. जून २०२० मध्ये केंद्र सरकारनं मोटारींच्या टायरची आयात 'मुक्त' यादीतून काढून 'प्रतिबंधित' यादीत टाकली, म्हणजे परवाना असल्याखेरीज माल आणता येईना. नेहमीच्या मापांचं काही बिघडलं नाही. ब्रिजस्टोनचा कारखाना चाकणलाच आहे, सिएटचा नाशिकला, आणि अपोलोनं तर २००९ मध्ये व्रेडस्टाइन ही डच परफॉर्मन्स टायर कंपनीच विकत घेतली. पण ३१५/३० आर २१ सारखं माप इथे सहसा बनत नाही. मागच्या एका टायरला खड्ड्यात फुगा आला आणि तोच टायर मिळेना, म्हणून लाखो रुपयांच्या गाडीला गॅरेजात उभं ठेवणं नशिबी येऊ शकतं. अशा गाडीत स्टेपनी नसते, असतो तो सीलंटचा डबा, आणि कडेला फाटलेल्या टायरला सीलंट काही करू शकत नाही. म्हणून टायर निवडताना पकडीच्या चाचणीइतकंच महत्त्व 'याचं माप इथे पुन्हा मिळेल का' या प्रश्नाला आहे. गाडीला रिमचे दोन पर्याय असतील, तर लहान रिम आणि जाड कडेचा टायर घेणं इथे शहाणपणाचं. एक इंच कमी रिमनं गाडीचा रुबाब थोडा उतरेल, पण साडेपंच्याऐंशी मिलिमीटरच्या कडेला आपल्याकडच्या खड्ड्यांशी सामना करायला लावणं हा रिमवर अन्याय आहे.

दुसरं, इथल्या रस्त्यांवर तिसऱ्या पायरीच्या टायरला कामच नाही. तो चांगला चालायला तापावा लागतो, आणि कायद्याच्या वेगात, सिग्नल-टोलनाके सांभाळत तो हवा तसा तापत नाही. गार कप २ पेक्षा त्याच क्षणी पायलट स्पोर्ट ४एस किंवा पोटेंझा स्पोर्ट जास्त पकड देऊ शकतो. शिवाय तो आवाज कमी करतो, खडी कमी उधळतो आणि पावसात घरी पोचवतो. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर कधी ड्रॅगला उतरायचं असेल, किंवा कोइम्बतूर-चेन्नईच्या ट्रॅकवर जायचं असेल, तर दुसऱ्या रिमवर ट्रॅकचे टायर चढवून ठेवावेत. महाग वाटतं, पण एकाच टायरकडून दोन्ही कामं करून घेण्यापेक्षा स्वस्त पडतं, कारण ट्रॅकवरचा एक दिवस रस्त्याच्या टायरचं काही महिन्यांचं आयुष्य खातो.

उन्हाचं म्हणाल, तर उन्हाळी टायर उष्णतेसाठीच बनलेला असतो. विदर्भातला मे महिना त्याला मारत नाही, त्याला मारते कमी हवा. हवा कमी असली की कड जास्त वाकते, वाकण्यातून उष्णता वाढते, आणि सलग तासभर काँक्रीटवर शंभर-एकशेवीसनं पळाल्यावर थर सुटू लागतात. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यानंतर टायर फुटून झालेल्या अपघातांची चर्चा एवढी वाढली, की पुढच्या वर्षी परिवहन विभागाला प्रवेशाच्या ठिकाणी टायरची तपासणी सुरू करावी लागली. हवा नेहमी टायर थंड असताना, म्हणजे सकाळी गाडी काढण्याआधी तपासायची. तापमान दहा अंशांनी चढलं की दाब साधारण दीड पीएसआयनं वाढतो. पंपावर पोचेपर्यंत तापलेल्या टायरचा आकडा बघून हवा सोडणारे लोक नकळत टायर कमी हवेवर चालवत असतात. नायट्रोजनचं काय? निसान जीटी-आर कारखान्यातून नायट्रोजन भरूनच यायची, त्याला कारण होतं. कोरड्या वायूत बाष्प नसल्यानं तापल्यावर दाबाचा अंदाज नीट बांधता येतो, आणि ट्रॅकवर तो लागतो. पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. रस्त्यावरच्या गाडीत पन्नास रुपये देऊन तो भरण्यापेक्षा दर पंधरवड्याला गेज लावण्याची सवय जास्त उपयोगाची.

दुकानात पैसे देण्याआधी एक काम राहतं. टायरच्या कडेवर 'डॉट' या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिचे शेवटचे चार आकडे पाहा. '२७२३' म्हणजे २०२३ सालचा सत्ताविसावा आठवडा. ही तारीख बहुधा एकाच बाजूला छापलेली असते, आणि ती बाजू आत गेली तर गाडी जॅकवर चढवल्याशिवाय दिसत नाही. म्हणून टायर रिमवर चढायच्या आधीच चारही टायरची तारीख स्वतः वाचा. दोन वर्षांहून जुना माल असेल तर तो परत करा. दुकानदार 'साहेब, गोदामात एसीत ठेवला होता' म्हणाला तरीही.